पाकिटातले 120 ग्रॅम

जून उजाडला की यवतमाळ जिल्ह्यात दोन ठिकाणी गर्दी उसळते: कृषी केंद्रांसमोर बियाण्यासाठी आणि महाविद्यालयांच्या खिडक्यांसमोर प्रवेशासाठी. बरेचदा माणसंही तीच असतात. बापाच्या पिशवीत कपाशीचं पाकीट आणि पोराच्या फाइलमध्ये गुणपत्रिका. शाश्वततेचं शिक्षण या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी व्हायला हवं होतं. आपण मात्र त्याचा वेगळा पेपर काढला.

त्या पेपरची जन्मकथा प्राध्यापकवर्गाला ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, 2003 मध्ये पुन्हा कान टोचले, आणि मग यूजीसीने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम दिला. 50 तासिका, त्यात पाच तासिकांएवढं क्षेत्रकार्य आणि त्याला 25 गुण. कागदावर तो वाईट नव्हता. पण ज्याचा वर्कलोड कमी पडतो त्याच्या गळ्यात तो पडला, नाहीतर तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याच्या. क्षेत्रकार्याची वही झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंगसह तयार मिळू लागली. यूजीसीच्या 2023 च्या आराखड्यात याच विषयाला चार क्रेडिट आहेत. क्रेडिट वाढवून हे दुखणं बरं होईल, असं आम्हाला वाटत नाही. पर्यावरणाचा पेपर झाला आणि बाकीचे सगळे विषय त्या जबाबदारीतून मोकळे सुटले, हे खरं दुखणं आहे. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ स्टीफन स्टर्लिंग या प्रकाराला वरून ठोकलेली पट्टी मानतात. त्यापुढच्या पायऱ्या म्हणजे प्रत्येक विषयाच्या आत तो विचार मुरवणं आणि शेवटी शिकवण्याची घडणच बदलणं. नॅकच्या फाइलसाठी जिओटॅग केलेले वृक्षारोपणाचे फोटो यातल्या कुठल्याच पायरीवर बसत नाहीत.

मुरवायचं म्हणजे काय करायचं? कपाशीचं पाकीट वर्गात आणायचं.

बीटी कपाशीला 2002 साली परवानगी मिळाली. तेव्हापासून बरीच वर्षं 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटीची वेगळी पुडी यायची. शेताच्या कडेने पाच ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र, जे जास्त असेल तेवढ्यावर ती पेरायची, असा दंडक होता. त्या झाडांवर बीटीचं विष न चाखलेल्या अळ्या वाढाव्यात, त्यांच्या पतंगांचा संकर प्रतिकारक्षम पतंगांशी व्हावा आणि प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागावा, हा हेतू. बहुतेकांनी ती पुडी फेकून दिली. अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी हा दंडक बऱ्यापैकी पाळला, पुढे वंध्य पतंग सोडण्याची मोहीम झाली, आणि 2018 मध्ये त्या देशाने गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे त्याच्या आदल्याच हंगामात तिने विदर्भाची बोंडं पोखरली होती.

पुडी का फेकली, असं वर्गात विचारा. ‘अज्ञान. जनजागृती हवी.’ हे ठरलेलं उत्तर येईल. ते गुण मिळवून देणारं आणि आळशी उत्तर आहे. पाच एकर कोरडवाहू असलेल्या माणसाने एक एकर अळीला चारायला सोडावं, याचा हिशेब फळ्यावर मांडून पाहा. फायदा सगळ्या शिवाराचा आणि खड्डा त्याच्या एकट्याच्या खिशाला. फरदडीचं गणितही असंच. पाण्याची सोय असली की हंगाम सरल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून दोन वेचे जास्तीचे मिळतात, आणि बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंतचा आसरा. सामाईक साधनांवरचा गॅरेट हार्डिनचा 1968 चा लेख आणि 2009 चं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम आपण अर्थशास्त्रात शिकवतो, पण परक्या कुरणांच्या उदाहरणांनी. समोरच्या बाकांवर ज्यांच्या घरी फरदड उभी आहे, त्यांना ही नावं आपल्या कामाची आहेत असं वाटायला आपण वावच ठेवत नाही.

2017 च्या खरिपात तर पाठ्यपुस्तकाची पानं शिवारात उघडी पडली होती. जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. डोक्याबरोबर वाढलेली पऱ्हाटी, दमट हवा, एकाच पंपात दोन-तीन औषधांचं मिश्रण, तोंडाला फार तर रुमाल. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर रोखतात, बी.एस्सी.च्या पुस्तकातही विकरांचा अवरोध आहे. डब्याबरोबरचं माहितीपत्रक मराठीच्या तासाला वाचायला घेतलं, तर त्यातलं वाक्य मजुराला समजेल असं लिहिता येतं का, हा अस्सल लेखनाचा प्रश्न आहे. औषध विकणारा, सल्ला देणारा आणि उधारी मांडणारा बहुधा एकच दुकानदार असतो, याकडे वाणिज्य शाखेने पाहावं. मुळात हंगामाच्या मजुरीवर फवारायला गेलेल्या माणसाच्या जिवाची किंमत उत्पादनखर्चाच्या कोणत्या रकान्यात येते?

‘सिलॅबसच पुरा होत नाही, त्यात हे कधी?’ ही तक्रार खोटी नाही. रिकाम्या जागा, सत्राचा आक्रसलेला काळ, सगळं खरं. पण इथे नवा घटक वाढवायचा नाही, उदाहरण बदलायचं आहे. खरी अडचण मूल्यमापनाची आहे. ‘टिपा लिहा’ला नमुना उत्तर असतं, ‘पुडी फेकणाऱ्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, आणि ते कोणाला महाग पडलं असतं?’ याला एकच बरोबर उत्तर नाही. पाच परीक्षक पाच तऱ्हेने तपासतील, फेरतपासणीचे अर्ज येतील. म्हणून सुरुवात अंतर्गत परीक्षेपासून करावी आणि गुण निष्कर्षाला न देता हिशेबाला द्यावेत: तोटा कोणाचा, किती वर्षांनी, आणि विद्यार्थ्याने कोणती माहिती गृहीत धरली.

आपल्या विषयाचा असा एक प्रश्न गुणदानाच्या तक्त्यासह आमच्याकडे पाठवावा. विषय कोणताही चालेल, प्रश्न मात्र आपल्या तालुक्यातला हवा. दिवाळीनंतरच्या सत्राला वापरता येतील अशा बेताने ऑक्टोबरच्या अंकात ते छापू, तक्त्यावरच्या आक्षेपांसह.