‘घरी खा ना’ म्हणणाऱ्यांसाठी

अडीच वर्षांच्या मुलाच्या भावना नेमक्या कशाकशाने दुखावतात, याची यादी माझ्याकडे तयार आहे. केळं सोलताना मधेच मोडलं तर. लाल गाडी दुसऱ्याने घेतली तर. उजव्या पायातला बूट आधी घातला तर. उकडलेलं अंडं या यादीत नाही. शेजारचं पोर अंडं खातंय म्हणून कुठलंही लेकरू रडलेलं मी पाहिलेलं नाही. हात पुढे करून मागितल्याचं मात्र पाहिलं आहे. तरीही माझा मुलगा गाझियाबादमधल्या ज्या पाळणाघरात जातो, तिथल्या प्रवेश अर्जाच्या मागच्या पानावर लिहिलंय की सगळ्या मुलांच्या भावनांचा आदर म्हणून डब्यात मांस, मासे, अंडं आणि अंडं घातलेला केक पाठवू नये. खाली पालकाची सही. पाळणाघराचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका पाळणाघराचा नाही. वैशाली, वसुंधरा, इंदिरापुरम या पट्ट्यात मी पाच ठिकाणं पाहिली. चार ठिकाणी हाच नियम होता आणि पाचव्याची फी माझ्या फेलोशिपच्या निम्मी होती.

मी मूळची उदगीरची. दिल्लीत पीएच.डी. करते आणि दिल्लीतलं भाडं झेपत नाही म्हणून ब्लू लाइनच्या एका टोकाला, वैशालीला राहते. नवरा नोएडात नोकरीला आहे. घरात आजी नाही, आत्या नाही. मुलगा सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा पाळणाघरात असतो. सकाळचा खाऊ, दुपारचं जेवण, चारचा खाऊ, तिन्ही डब्यातून. घरी उरतं ते रात्रीचं, आणि रात्री साडेआठला पेंगणाऱ्या पोराच्या तोंडात चार घास गेले तरी मिळवलं. म्हणून ‘तुम्हाला खायचंय तर घरी खा ना, कोण अडवतंय?’ हे वाक्य जेव्हा पालकांच्या बैठकीत अतिशय सौम्य आवाजात येतं, तेव्हा त्याचा हिशोब मी मनातल्या मनात करते. दिवसाच्या चार खाण्यांपैकी तीन तुमच्या नियमाने आणि एक आमच्या घरी, दार लावून.

‘घरी खा’ हे औदार्य नाही. चार भिंतींबाहेरची जागा आमची आहे, असं सांगण्याची ती सभ्य पद्धत आहे. पाणवठा आमचा, तुम्ही तुमच्या वस्तीत प्या, हे ज्यांनी शतकानुशतकं ऐकलं त्यांना हे वाक्य लगेच ओळखू येतं.

आता अंड्याबद्दल थोडं, कारण भावनांच्या गोंधळात अंडं बाजूलाच राहतं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. एवढ्या वयाच्या मुलाच्या दिवसभराच्या गरजेच्या ती जवळपास निम्मी भरतात. शिजवायला दहा मिनिटं, सोलायला एक, आणि मूल स्वतःच्या हाताने खाऊ शकतं. सकाळी सात वाजता प्रबंधाचं प्रकरण डोक्यात आणि मेट्रोची वेळ घड्याळात असताना याहून चांगला डबा मला माहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांना मांस, मासे किंवा अंडी रोज द्यावीत असं सांगतात. आणि आपली परिस्थिती काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) उत्तर प्रदेशात पाच वर्षांखालची ३९.७ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. महाराष्ट्राने नाक वर करू नये, तिथे हा आकडा ३५.२ आहे, आणि लहान मुलांमधल्या रक्तक्षयात तर महाराष्ट्र उत्तर प्रदेशाच्याही पुढे, ६८.९ टक्के. एका अंड्याने हे सगळं बदलेल असा माझा दावा नाही. पण ज्या देशात मुलांची अशी गत आहे तिथे मुलाच्या हातातलं अंडं काढून घ्यायला काही भक्कम कारण लागतं, एवढं तरी मान्य करा.

कारण म्हणून काय मिळतं? वास. उन्हाळ्यात अन्न खराब होतं. नोएडातल्या एका नामांकित शाळेने ऑगस्ट २०२४ मध्ये पालकांना असंच परिपत्रक पाठवलं होतं. सकाळी बनवलेलं मांस दुपारपर्यंत खराब होऊ शकतं आणि शाकाहारी वातावरणात सगळ्यांना आदर वाटतो, असा त्याचा सूर होता. बोभाटा झाल्यावर ‘ही फक्त विनंती होती’ असा खुलासा आला. खराब होण्याचं म्हणाल तर जूनमध्ये पनीर आणि दहीभात माझ्या अंड्याआधी आंबतात. त्यांच्यावर बंदी नाही. आमच्या पाळणाघरात चारच्या खाऊला मॅगी चालते, पाकिटातले कुरकुरे चालतात, लाल रंगाचा जॅम चालतो. म्हणजे काळजी आरोग्याची नाही.

‘सगळे’ या शब्दाचंही बघा. रजिस्ट्रार जनरलच्या नमुना नोंदणी पाहणीने २०१४ साली काढलेल्या आकड्यांनुसार पंधरा वर्षांवरचे सत्तर टक्क्यांहून जास्त भारतीय मांसाहारी आहेत. उत्तर प्रदेशातही ते निम्म्याहून जास्त आहेत. मग हे ‘सगळे’ कोण? पाकिटांवरचा हिरवा ठिपका आठवा. अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांत मांसाहारी पदार्थाची व्याख्या करताना प्राण्यापासून आलेलं सगळं त्यात घातलं आहे, अंडीसुद्धा, आणि मग दूध आणि दुधाचे पदार्थ तेवढे वगळले आहेत. गाईच्या कासेतून आलेलं शाकाहारी, कोंबडीकडून आलेलं मांसाहारी. ही रेघ प्राणिशास्त्राने ओढलेली नाही. कुणाच्या स्वयंपाकघरात काय चालतं, हे बघून ओढली आहे.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. लहान मुलं एकमेकांच्या डब्यात हात घालतात. शाकाहारी घरातल्या मुलाने चुकून अंडं खाल्लं तर त्या आईला वाईट वाटेल, आणि तिच्या वाईट वाटण्याला मी हसणार नाही. पण मुलांचं वेगवेगळं खाणं सांभाळणं हेच तर पाळणाघराचं काम आहे. आमच्या गटात एका मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. तिच्या जिवाचा प्रश्न आहे, तरी शेंगदाणा सगळ्यांना बंद झालेला नाही. दीदी तिच्याजवळ बसते, एवढंच. जिवाला धोका असेल तर एक माणूस जवळ बसवून भागतं आणि विटाळाला धोका असेल तर सगळ्यांचे डबे बदलावे लागतात, हे गणित मला कुणीतरी समजावून सांगावं.

लगेच तोडगा येतो: मग अंडंवाल्या मुलांना वेगळं बसवू. हा तोडगा कुठून येतो ते आपल्याला ठाऊक आहे. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळं बसवलेल्या मुलाचं नाव आपल्या घराघरात भिंतीवर आहे. आणि ही जुनी गोष्ट नाही. आयआयटी मुंबईत २०१८ मध्ये मांसाहारींनी वेगळी ताटं वापरावीत असा ईमेल गेला. २०२३ मध्ये तिथल्या खाणावळीत सहा टेबलं फक्त शाकाहाऱ्यांसाठी राखली गेली आणि त्याला विरोध केल्याबद्दल दहा हजार रुपये दंड ठोठावला गेला. देशातली सगळ्यात हुशार समजली जाणारी पोरं ताटाच्या स्पर्शाने बाटतात. ती हे पंचविसाव्या वर्षी अचानक शिकली असतील का? पालक म्हणतात, ‘तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता.’ मी आणत नाही. ती अर्जाच्या मागच्या पानावर छापून आलेली असते.

इथे एक मजा सांगते. पहिल्या महिन्यात मी डब्यात ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून दिली होती. दीदीने हसून विचारलं, ‘ये तो चरी वाली ज्वार है ना? गाय को देते हैं हमारे यहाँ.’ तिचं चुकलं नव्हतं, पश्चिम उत्तर प्रदेशात ज्वारी मुख्यतः चाऱ्यासाठीच पेरतात. पण ऑफिसात बसलेल्या मॅडमनीही ‘जरा हलकं, साधं काही द्या’ असं सुचवलं. मग २०२३ च्या अर्थसंकल्पात भरडधान्यांना ‘श्री अन्न’ म्हटलं गेलं, जगाने भरडधान्य वर्ष साजरं केलं, आणि आता आमच्याकडे दर बुधवारी ‘मिलेट डे’ असतो. माझी भाकरी तीच आहे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची जी नोंद केली, त्यातल्या कशाकशाला असा ‘श्री’ लागेल याची मी वाट बघत नाही.

एम.ए.ला आम्हाला एम. एन. श्रीनिवास यांचं संस्कृतीकरण शिकवलं. खालच्या जाती वरच्यांचं अनुकरण करतात, मांस-दारू सोडतात, हळूहळू वर सरकतात. वाचताना वाटतं की लोक हौसेने सोडतात. सोडायला लावणारा अर्ज, सही, भाड्याने घर देताना विचारलेला प्रश्न, यातलं काही त्या मांडणीत ठळक दिसत नाही. त्याच्या कितीतरी आधी, १९१६ साली, पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी कोलंबियात जातीवर निबंध वाचला. त्यात अनुकरण आहेच, पण काहींना जबरदस्तीने बाहेर कोंडलं गेलं हेही आहे. हा अर्धा भाग गाळला की जात ही आवडीनिवडीची गोष्ट वाटायला लागते.

आपल्यातलेच काही म्हणतात, ‘बाबासाहेबांनीच तर सोडायला सांगितलं होतं.’ १९२७ च्या महाडच्या परिषदेत सोडायला सांगितलं ते मेलेल्या जनावराचं मांस, जे गावकीच्या कामाच्या बदल्यात, अपमानासकट पदरात पडायचं. ती सक्ती नाकारणं वेगळं आणि स्वतःच्या पैशाने विकत आणलेलं अंडं शेजाऱ्याच्या नाकासाठी लपवणं वेगळं. आमच्या पिढीतले नोकरीवाले लोक हे लपवणं फार सफाईने करतात. मुलाला सांगून ठेवतात, काय खाल्लं ते बाहेर बोलायचं नाही.

पाळणाघराची फी ज्यांना परवडते त्यांच्याच डब्याचा हा वाद नाही. मध्य प्रदेशात २०१५ साली तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी अंगणवाडीत अंडी द्यायला नकार दिला. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला. शाळांनी हवं तर लोकवर्गणीतून द्यावं म्हणे. आमच्या उदगीरच्या पलीकडे, सीमा ओलांडली की कर्नाटकात, २०२१ मध्ये बिदर-कलबुर्गीसारख्या जिल्ह्यांतल्या शाळांत अंडी सुरू झाली तेव्हा मठाधिपतींनी विरोध केला. त्यावर गंगावतीतल्या एका शाळकरी मुलीने त्यांना सुनावलं होतं, अडवाल तर मठात येऊन अंडी खाऊ. त्या मुलीची भाषा मला आमच्या विभागातल्या कुठल्याही चर्चासत्रापेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

मी आणि आणखी दोघींनी पाळणाघराला पत्र लिहिलं आहे. मागणी साधी आहे. मागच्या पानावरची ती ओळ काढा. ज्या घराला आपल्या मुलाने अंडं खाऊ नये असं वाटतं त्यांनी तसं लिहून द्यावं, जसं शेंगदाण्याचं दिलं आहे. दीदींची संख्या एकने वाढवा आणि त्यांचा पगारही, म्हणजे जेवताना लक्ष देता येईल. कुणालाही वेगळं बसवू नका. पत्रावर सह्या मागायला गेले तेव्हा एका बंगाली बापाने सांगितलं की तो रोज मासे खातो, पण सही नको. एक महाराष्ट्रीय जोडपं, कोकणातलं, म्हणालं की ‘तत्त्वतः’ ते माझ्यासोबत आहेत. दीदी म्हणाली, ‘अंडा तो हमारे घर भी बनता है’, आणि मॅडमच्या केबिनकडे बघून गप्प झाली.

गटात एक मुस्लिम आई आहे. तिला सही मागायची नाही असं आम्ही तिघींनी ठरवलं. शेजारच्याच जिल्ह्यात, दादरीजवळच्या बिसाहडा गावात २८ सप्टेंबर २०१५ ला मोहम्मद अखलाक यांना घरातल्या मांसाच्या संशयावरून जमावाने मारलं. याच राज्यात, अमरोह्यात, २०२४ मध्ये तिसरीतल्या मुलाला डब्यात मांसाहार आणल्याचा ठपका ठेवून शाळेतून काढलं, आणि दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळवायला त्याच्या आईला अलाहाबाद उच्च न्यायालयात जावं लागलं. आमच्या सहीची किंमत फार तर एक टोमणा, तिच्या सहीची किंमत आम्हाला माहीत आहे. ती मुलाच्या डब्यात रोज बटाट्याचा पराठा देते. परवा तिने मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, पत्र कुठंय.

आता सह्या चार आहेत. बैठक शनिवारी.