पुढचं पाठ, मागचं सपाट!

आपल्याकडे फायनल इयरचा प्रोजेक्ट व्हायव्हापर्यंतच जगतो. रिपोर्ट बाइंडिंग करून लायब्ररीत जातो आणि कोड कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर राहतो. पुढच्या वर्षी ज्युनिअर विचारायला आला की ठरलेलं उत्तर, "अरे, माझ्या लॅपटॉपवर तर चालत होता!" यालाच म्हणतात पुढचं पाठ, मागचं सपाट.

यावर फुकटचा उपाय आहे, जुपिटर नोटबुक. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ साली सुरू केलेल्या आयपायथॉनमधून २०१४ साली जुपिटर निघालं. कोड, आलेख आणि स्पष्टीकरण एकाच वहीत. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी लायगोने गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हा डेटासोबत असंच नोटबुकही खुलं केलं. लायगो-इंडियाची वेधशाळा तर आपल्या शेजारी, औंढा नागनाथजवळ होणार आहे. त्यासाठी केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे ही वही काही पुण्या-मुंबईवाल्यांचीच नाही!

पण एक सांगतो. अख्खा प्रोजेक्ट एकाच नोटबुकात कोंबला तर खिचडी होते. सेल खालीवर कसेही चालवता येतात. पुसलेल्या सेलमधला व्हेरिएबल मेमरीत तसाच बसून राहतो. आज उत्तर बरोबर येतं, उद्या एरर! शिवाय फाइलमध्ये आउटपुटही साठतं, त्यामुळे गिटवर कोणी काय बदललं ते कळत नाही.

म्हणून मोठ्या प्रोजेक्टला शिस्त हवी. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, त्यात आयपायकर्नल टाका आणि नोटबुकात तोच कर्नल निवडा. लायब्रऱ्यांची यादी आवृत्तीसकट लिहून ठेवा. पक्की झालेली फंक्शन्स पायथॉनच्या साध्या फाइलमध्ये हलवा आणि नोटबुकात इम्पोर्ट करा. ऑटोरिलोड चालू असलं की फाइलमधला बदल पुन्हा पुन्हा कर्नल बंद न करता मिळतो. गिटवर टाकण्याआधी आउटपुट पुसा. आणि सबमिशनच्या आधी कर्नल रीस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली एकदा चालवा. त्यात जो अडकला, तो प्रोजेक्ट पूर्ण झालेला नाही, मग रिपोर्ट कितीही जाड असो!

कोणी म्हणेल, होस्टेलचं नेट रांगतं, हे कसं जमायचं? एकदा इन्स्टॉल झालं की जुपिटरला नेट लागतच नाही, ते आपल्याच मशीनवर चालतं. एकाने पॅकेजेस डाउनलोड करावीत, बाकीच्यांनी पेनड्राइव्हवर न्यावीत.

सरांना मात्र एक विनंती. लॅबमधल्या एका उबुंटू सर्व्हरवर 'द लिटलेस्ट जुपिटरहब' बसवा. शंभरेक जणांपर्यंतच्या वापरासाठीच ते बनवलंय. ज्याच्याकडे लॅपटॉप नाही, त्यालाही लॅनवरच्या कुठल्याही पीसीवरून ब्राउझरमध्ये काम करता येईल. आणि व्हायव्हाला पीपीटीआधी नोटबुक चालवून दाखवायला सांगा.

लातूर असो की नांदेड, आपल्या पोरांना डोकं कमी नाही. फक्त दरवर्षी शून्यापासून सुरुवात करणं थांबलं पाहिजे. ज्युनिअरला रिपोर्टची झेरॉक्स नको, चालणारा कोड द्या!