आधी शब्द वाचा, मग चाल बसवा

संपादक महोदय,

नाताळच्या गीतांची तालीम आता ठिकठिकाणच्या मंडळ्यांतून सुरू होईल. कोणती गीते घ्यायची हे बहुतेक चालीवरूनच ठरते. तरुणांना कोणते आवडते, कीबोर्डवर कोणते पटकन बसते, मोबाइलवर कोणते गाजते आहे, एवढे पाहिले जाते. गीत काय सांगते, हा प्रश्न तालमीत क्वचितच निघतो. प्रवचन सोमवारी किती जणांना आठवते? गीत मात्र भांडी घासताना, शेतात, दवाखान्यातल्या खाटेवरही ओठांवर येते. साध्या ख्रिस्ती माणसाचा विश्वास बराचसा गाण्यातूनच घडतो. म्हणून पाळकांच्या प्रवचनाला जी कसोटी आपण लावतो, तीच गीतालाही लावली पाहिजे.

आपल्या पूर्वसुरींनी ती लावली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापले गेले. पुराणे ऐकत वाढलेल्या नवख्रिस्ती लोकांना त्यांनी जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची सगळी कथा ओवीत दिली. नगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि पदे लिहिली. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडले की त्यांचे नाव पानोपानी भेटते. टिळकांचा ख्रिस्त माउली आहे, गुरू आहे, आणि त्याच्यापुढे उभा असलेला भक्त स्वतःचे दोष लपवत नाही. चाल काढून घेतली तरी त्या ओळींना अर्थ उरतो.

आज पडद्यावर झळकणारी अनेक गीते अशी वाचून पाहावीत. तू महान, तू अद्भुत, मी तुझा, मी नाचेन. हे शब्द खोटे नाहीत. पण तो महान का, त्याने केले काय, हे त्यांत येतच नाही. वधस्तंभ नाही, क्षमा नाही, शेजारचा उपाशी माणूस नाही. पहिल्यांदाच उपासनेला आलेल्या कुणाला अशा गीतातून ख्रिस्त कोण हे कळणार नाही.

गिटार आणि ड्रमला माझा विरोध नाही. ओवी आणि अभंग हे तरी लोकांच्या तोंडी असलेलेच प्रकार होते. एकच ओळ पुन्हा पुन्हा गाण्यालाही विरोध नाही. १३६ व्या स्तोत्रात २६ वचने आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच पालुपद येते. पण बहुतेक वेळा त्याच्या आधी देवाच्या दयेची एखादी खूण सांगितलेली असते: त्याने आकाश निर्माण केले, मिसरातून सोडवले, प्राणिमात्राला अन्न दिले. तिथे पुनरुक्तीला नवे नवे कारण मिळत जाते.

मला सर्वांत जास्त खटकते ते दुःखाच्या गीतांचे नाहीसे होणे. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे कितीतरी आहेत. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. आपल्या मंडळीत मात्र गेल्या आठवड्यात मुलगा गमावलेली आई बसलेली असते, पावसाने दगा दिलेला शेतकरी बसलेला असतो, आणि त्यांना एकापाठोपाठ एक विजयाची गीते म्हणावी लागतात. त्यांचे रडणे देवापुढे नेणारे शब्द आपण त्यांच्या हाती दिले नाहीत, तर ते रडणे घरीच राहते आणि हळूहळू माणूसही घरी राहू लागतो. याला मी मंडळीचा अपराध मानतो.

केवळ जुनेच गा, असे मी म्हणत नाही. टिळक १९१९ साली गेले. त्यानंतरचे शतकभराचे जगणे त्यांच्या पदांत कसे येणार? कंत्राटी नोकरी, शहरातली एकटी म्हातारी माणसे, दुष्काळात गाव सोडणारी कुटुंबे यांच्यासाठी आजच्या मराठीत गीते लिहिली गेली पाहिजेत. भाषांतरित कोरसवर ही गरज भागणार नाही.

म्हणून दोन विनंत्या. नवे गीत उपासनेत घेण्यापूर्वी पाळक आणि गायनवृंद यांनी ते वाद्यांशिवाय एकदा मोठ्याने वाचावे आणि त्यावर बोलावे. आणि आपण, संपादक महोदय, दर अंकात अर्धे पान नव्या मराठी उपासनागीतासाठी राखून ठेवावे. तिथे चालीचा उल्लेख नको, फक्त शब्द छापा.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर