‘पश्चात पत्नी’च्या पुढे काय?

आवडता खेळाडू अचानक गेला की चटका लागतो. ज्याला कधी जवळून पाहिलेही नाही, त्याच्यासाठी माणसे रडतात. ह्यात हसण्यासारखे काही नाही. पुरुषांना चारचौघांत रडायची मुभा मिळते अशा थोड्या प्रसंगांपैकी हा एक. प्रश्न आहे तो रडून झाल्यावरचा.

खाशाबा जाधवांचे उदाहरण घेऊ. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझ मिळवून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनी आणले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या ह्या मल्लाच्या मिरवणुकीत शंभरावर बैलगाड्या होत्या. पुढे पोलीस खात्यात नोकरी, निवृत्ती, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात मृत्यू. लॉस एंजलिसचे ऑलिंपिक संपून दोनच दिवस झाले होते. पी. टी. उषाचे पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले म्हणून देश हळहळत होता. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. मधल्या काळात कुसुमताईंवर मदतीसाठी झगडण्याची वेळ आली, तेव्हा त्या बैलगाड्या कुठे होत्या?

मृत्यूच्या बातमीत शेवटी एक ठरलेले वाक्य असते: ‘त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून असा परिवार आहे.’ खुराक, सरावाच्या वेळा, दौऱ्याच्या काळातले घर जिने सांभाळले, तिच्या वाट्याला एक शब्द. आणि ती स्वतः खेळाडू असली तर? निर्मल कौर भारतीय महिला व्हॉलीबॉल संघाच्या कर्णधार होत्या. जून २०२१मध्ये कोविडने त्या गेल्या, तेव्हा मथळ्यांत होत्या ‘मिल्खासिंग यांच्या पत्नी’.

काही खेळाडू बायकांचे मरण तर अपघातही नसते. युगांडाची रिबेका चेप्टेगाई ऑगस्ट २०२४मध्ये पॅरिसला मॅरेथॉन धावली. महिन्याभरात तिच्या जोडीदाराने पेट्रोल ओतून तिला पेटवले. ५ सप्टेंबरला ती गेली. केनियाच्या ॲग्नेस टिरोपने सप्टेंबर २०२१मध्ये केवळ महिलांच्या दहा किलोमीटर शर्यतीचा विश्वविक्रम केला. पुढच्याच महिन्यात घरात तिचा खून झाला, आरोप नवऱ्यावर. जगात सर्वांत वेगाने धावणाऱ्या बायकांनाही घरातून पळता आले नाही. हे दूर आफ्रिकेतले म्हणून सोडून देऊ नका. आपल्या सदाशिव पेठेत २७ जून २०२३ रोजी भरदिवसा एका तरुणीच्या मागे ओळखीचाच तरुण कोयता घेऊन धावला होता. वाटेवरची मुले मधे पडली म्हणून ती वाचली.

ॲग्नेसच्या मैत्रिणी मेणबत्त्या लावून थांबल्या नाहीत. ‘टिरोप्स एंजल्स’ ही संघटना काढून घरात मार खाणाऱ्या धावपटू मुलींच्या पाठीशी त्या उभ्या राहिल्या. दुःखाला असे काम देता येते.

आपल्याकडे खो-खो, कबड्डी गाजवलेल्या किती जणी आज साठी-सत्तरीत आहेत! त्यांची नावे, आठवणी, त्यांच्या औषधपाण्याची सोय ह्याची विचारपूस त्या हयात असताना करूया. मैदानावर येणारी मुलगी अचानक येईनाशी झाली, तर तिच्या घरी जाऊया. आणि पुढच्या शोकसभेत दोन मिनिटे उभे राहून झाले, की खाली बसण्याआधी एकीने तरी विचारावे, “पश्चात जी आहे, तिचे काय ठरले?”