घाम, पाऊस आणि चेंबरची जाळी

पुण्यात सायकलने कामावर जाणे का जमत नाही, याची तीन कारणे हमखास सांगितली जातात: अंतर, घाम आणि पाऊस. तिन्हींत थोडे तथ्य आहे. खरी अडचण मात्र वेगळीच आहे.

सावकाश चालवली तरी सायकल ताशी 15 किलोमीटर जाते. कोथरूडहून शिवाजीनगर गाठायला अर्धा तास लागतो, आणि संध्याकाळच्या कोंडीत दुचाकीही फारशी आधी पोचत नाही. हडपसरहून हिंजवडीला जाणाऱ्याला हे सांगण्यात अर्थ नाही, हेही खरे. घामाचे म्हणाल तर बॅग पाठीऐवजी कॅरिअरला बांधली, चढावर हलका गिअर टाकला आणि कचेरीत एक जादा शर्ट ठेवला की भागते. पावसाचे कारण तर आकड्यांतच टिकत नाही. ॲमस्टरडॅममध्ये पुण्यापेक्षा वर्षाला जास्तच पाऊस पडतो, तरी तिथे सायकली चालतात. पुण्याचा पाऊस चार महिन्यांत उरकतो म्हणून झोडपतो, एवढेच. आणि त्यातही भीती पाण्याची नसते, पाण्याखालच्या खड्ड्याची असते.

अडचण आहे ती रस्त्याच्या कडेला. सायकलस्वाराने डावीकडून जावे अशी अपेक्षा, आणि तिथेच चेंबरच्या जाळ्या. जाळीच्या फटी चाकाच्या दिशेने असल्या की बारीक टायर आत रुततो आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. जाळी आडवी बसवायला वेगळा निधी लागत नाही. सायकल ट्रॅकचीही तीच गत: प्रत्येक फाटकापाशी चढउतार, मध्येच विजेची डीपी, पुढे टपरी, आणि ज्या चौकात त्याची सर्वाधिक गरज तिथे तो गायब. मग रस्त्यावरचा मोटारवाला ओरडतो, "ट्रॅकवरून जा", ट्रॅकवरचा टपरीवाला म्हणतो, "रस्त्यावरून जा." महापालिकेने 2017 मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, म्हणजे कागदावर उणीव नाही.

कचेरीच्या फाटकावर वॉचमन सायकल बाहेर लावायला सांगतो. आत स्टँड असलाच तर पुढचे चाक अडकवण्यापुरता. कुलूप चाकाला लागते आणि चोर चाक ठेवून बाकीची सायकल नेतो. फ्रेमला कुलूप लावता येईल असा जमिनीत रोवलेला वाकवलेला पाइप पुरतो, आणि एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात.