तिच्यामागचा पुरुष कोण?

१/५
१३ जुलै १७९३, पॅरिस. शार्लोत कोर्दे हिने क्रांतीचा नेता जाँ-पॉल मारा याला त्याच्या स्नानाच्या टबातच भोसकले. सुरा तिने त्याच सकाळी स्वतः विकत घेतला होता.

२/५
खटल्यात प्रश्न आला: हे करायला तुला कोणी सांगितले? बेत आपला एकटीचाच, असे ती सांगत राहिली. चार दिवसांनी तिचा शिरच्छेद झाला. सूत्रधार पुरुषाचा संशय मात्र उरला.

३/५
दोन शतकांनी चित्रपटांनी तो पुरुष पुरवला. ‘निकिता’त (१९९०) कैदी तरुणीला मारेकरी म्हणून घडवणारा सरकारी हस्तक बॉब, ‘किल बिल’मध्ये (२००३) बिल, ‘ब्लॅक विडो’मध्ये (२०२१) ड्रेकॉव्ह.

४/५
साचा ठरलेला: हिरावलेले आयुष्य, कठोर प्रशिक्षण आणि अखेर निर्मात्यावरच उलटणे किंवा त्याच्यापासून निसटणे. या बंडाला टाळ्या पडतात. पण तिचे कौशल्य आणि तिचा शत्रू, दोन्ही त्याचीच देणगी असते.

५/५
कोर्देच्या कृत्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. त्यानंतर दहशत ओसरली नाही, वाढलीच. परंतु तिला स्वतःचे राजकीय मत होते. ते मान्य करणे क्रांतीच्या न्यायालयाला जड गेले. पडद्यालाही ते अजून जडच जाते.