आकडा आणि त्याची उपाधी

घरच्या दिवाणखान्यात चित्रपटगृहाचा ध्वनी आणणाऱ्या रिसीव्हरच्या गुणदोषांविषयी जो वाद चालू आहे, त्यात दोन पक्ष परस्परांसमोर उभे ठाकलेले दिसतात. एक म्हणतो की, संगीताचा निवाडा करण्याचा अधिकार कानाचा, यंत्राचा नव्हे. दुसरा म्हणतो की, मापनयंत्राने दिलेला एक आकडा पाहावा, त्याच्या क्रमाने रिसीव्हरांची उतरंड लावावी आणि सर्वांत वरचा बेलाशक विकत घ्यावा. माझ्या मते हे दोन्ही पक्ष त्याज्य आहेत. मापन अवश्य व्हावे; परंतु ते कोणत्या परिस्थितीत झाले याचा, आणि विशेषतः यंत्र त्या वेळी किती तापले होते याचा, दाखला सोबत नसेल तर त्या आकड्याला पुरावा म्हणू नये, हा माझा पक्ष आहे.

प्रथम कर्णवाद्यांचा विचार करू. त्यांचे म्हणणे असे की, रिसीव्हरच्या पाठीमागे असलेल्या प्री-आउटमधून बाहेरच्या ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या संकेतात जी विकृती असते, तिच्या कितीतरी पट विकृती स्पीकरच निर्माण करतो. मग हा सूक्ष्म हिशेब कशासाठी? यातील स्पीकरविषयीचे विधान खरे आहे आणि ते मी मान्य करतो; पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य करता येत नाही. कान हा एकंदर परिणामाचा साक्षीदार आहे. साखळीतील कोणता दुवा सदोष आहे हे तो सांगू शकत नाही, आणि जे यंत्र किंचित मोठ्याने वाजते ते त्याला सरस वाटते. सीडीच्या 16 बिटांच्या ध्वनिमुद्रणात तत्त्वतः सुमारे 98 डेसिबलांची व्याप्ती सामावते. एखाद्या प्री-आउटमधून 80 डेसिबल शुद्धतेचाच संकेत निघत असेल, तर दहा हजारांत एक भाग गाळ मिसळला. 100 डेसिबल असेल, तर लाखांत एक. ग्राहकाने ज्या मालाचे दाम मोजले तो माल त्याला मिळाला की नाही, हे ठरवण्यासाठी तागडीच लागते; भाताची चव घेऊन तांदळाचे वजन कळत नाही.

आता आकडेवाद्यांकडे वळू. त्यांची तागडी खरी आहे, पण तिच्यात वजन कोणते टाकले हे ते सांगत नाहीत. न्यायशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यास ठाऊक आहे की, ‘जेथे धूर तेथे अग्नी’ हे अनुमान निर्दोष असले तरी ‘जेथे अग्नी तेथे धूर’ हे सदोष आहे. कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो, आणि धूर निघण्यास ओल्या सर्पणाचा संयोग ही उपाधी, म्हणजे सोबतची अट, आवश्यक असते. रिसीव्हरच्या आकड्यालाही अशीच उपाधी असते.

हे मी स्वतः मेजावर पाहिले आहे. 1000 हर्ट्झचा शुद्ध स्वर रिसीव्हरला देऊन प्री-आउट मोजत होतो. आवाज वाढवत 1 व्होल्टापर्यंत नेला तोवर पडद्यावर मूळ स्वराच्या सुळक्याखेरीज फारसे काही नव्हते. परंतु दीड व्होल्ट ओलांडून 2 व्होल्टांकडे जाताच 3000 आणि 5000 हर्ट्झच्या जागी विकृतीचे काटे उगवू लागले. लहरीचा माथा डोळ्यांना अजून गोलच दिसत होता. मग रिसीव्हरच्या यादीत जाऊन अंतर्गत ॲम्प्लिफायरांकडे जाणारा संकेत बंद केला, आणि त्याच 2 व्होल्टांवर ते काटे खाली बसले. कारण उघड आहे. अंतर्गत ॲम्प्लिफायर सामान्यतः 29 डेसिबलांनी, म्हणजे सुमारे 28 पटींनी, संकेत वाढवतो. 1 व्होल्टाचे 28 व्होल्ट होतात आणि 8 ओहमांच्या स्पीकरला 100 वॅट मिळतात. 2 व्होल्ट दिले की त्याच्याकडे 56 व्होल्टांची मागणी होते. ती पुरवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे स्पीकर जोडलेला नसतानाही तो कोंडमाऱ्यात सापडतो आणि त्याचा उपद्रव मागच्या पायरीपर्यंत पोचतो. अशा स्थितीत यंत्र तेच, स्वर तोच, व्होल्टही तेच. तरी आकडे दोन. यांपैकी खरा कोणता, हा प्रश्नच चुकीचा आहे. दोन्ही खरे आहेत, परंतु आपापल्या उपाधीसह.

हीच गल्लत उष्णतेच्या बाबतीत अधिक घातक ठरते. झाकणावर हात ठेवून ‘चांगलेच तापते, म्हणजे दमदार आहे’ असा शेरा मारणारे जसे भेटतात, तसेच ‘बाहेरचा ॲम्प्लिफायर जोडला, आता रिसीव्हर थंड राहील’ असे मानणारेही भेटतात. पहिल्यांना सांगावेसे वाटते की, उष्णता ही सामर्थ्याच्या प्रमाणात वाढतच जाते असे नाही. आदर्श बी-वर्गाचा 100 वॅटांचा ॲम्प्लिफायर पूर्ण शक्तीवर चालताना सुमारे 27 वॅट उष्णता टाकतो. पण तोच 40 वॅटांवर चालवला तर उष्णताही जवळजवळ 40 वॅट, म्हणजे अधिकच होते. दुसऱ्यांना सांगावयाचे ते असे की, प्रचलित एबी-वर्गाच्या ट्रान्झिस्टरांतून संकेत नसतानाही विश्रांतीचा प्रवाह वाहत असतो, आणि संकेत तोडला म्हणजे तो प्रवाह तुटतोच असे नाही. एका वाहिनीस 100 व्होल्टांच्या पुरवठ्यावर 30 मिलिअँपिअर धरले, तरी नऊ वाहिन्यांचे 27 वॅट निमूटपणे पेटीत जळत राहतात.

यावर हरकत घेतली जाईल की, त्या उष्णतेने प्री-आउटचा आकडा त्या क्षणी फारसा हलत नाही, मग ती मोजावी कशाला? हरकतीचा पूर्वार्ध बहुधा खरा आहे. परंतु आज मिळालेला आकडा किती वर्षे टिकेल, हे उष्णताच ठरवते. 105 अंशांवर 2000 तास टिकेल अशी हमी असलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, तापमान दर 10 अंशांनी उतरेल तसा दुप्पट काळ टिकतो, असा अभियंत्यांचा रूढ हिशेब आहे. त्यानुसार 65 अंशांवर 32,000 तास होतात; रोज सहा तास वापरला तर साडेचौदा वर्षे. पेटी बंद कपाटात कोंडून तेच तापमान 75 केले, की सात वर्षे कमी झाली.

कायद्यालाही हे एका काळी उमगले होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1974 साली ॲम्प्लिफायरच्या शक्तीविषयी नियम केला, तेव्हा मापनापूर्वी यंत्र एकतृतीयांश शक्तीवर एक तास चालवण्याची अट घातली. थंड यंत्राची साक्ष ग्राह्य नाही, हेच त्या अटीचे तत्त्व होते. 2000 साली ती अट एकअष्टमांशावर आणली गेली. अट सौम्य झाली, पण तत्त्व बाद झाले नाही, आणि तेच प्री-आउटच्या मापनालाही लावले जावे, एवढीच माझी मागणी आहे.

गुन्ह्याच्या जागी पंचनामा होतो तेव्हा त्यात स्थळ, काळ आणि परिस्थिती नोंदवल्याशिवाय तो ग्राह्य धरीत नाहीत. रिसीव्हरच्या मापनाचाही असाच पंचनामा व्हावा: किती व्होल्टांवर मोजले, अंतर्गत ॲम्प्लिफायर जोडलेले होते की तोडलेले, किती वाहिन्या चालू होत्या, यंत्र किती वेळ चालले होते, खोलीचे आणि झाकणाचे तापमान किती होते. कित्येक उत्पादकांच्या माहितीपुस्तिकांत वापराची मर्यादा 35 अंशांपर्यंतच मुकर्रर केलेली असते. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच तिच्यापुढे जाते. ज्याला अशा खोलीत यंत्र ठेवायचे आहे, त्याला 25 अंशांच्या प्रयोगशाळेतील निर्विकार आकडा अर्धीच हकिकत सांगतो.

आणि ही हकिकत पुरी करण्याचे काम केवळ मापकाचे नाही. आपल्या घरांत रिसीव्हरच्या झाकणावर हौसेने विणलेला रुमाल अंथरून त्यावर पितळेचा गणपती मांडलेला मी पाहिला आहे. त्या रुमालाखाली हवेसाठी ठेवलेल्या फटी पार बुजलेल्या होत्या. ज्याच्या आकड्यासाठी आपण महिनाभर वाद घातला, त्याची उपाधी आपणच स्वहस्ते बदलली. गणपतीला कोनाड्यात मानाची जागा द्यावी, रुमाल उचलावा, वरती वीतभर मोकळी हवा ठेवावी. मगच मापकाने दिलेला आकडा आपल्या घरातही खरा ठरण्याची आशा करता येईल.